पोटरी माझी, विषय गावाचा

रक्तदाब, मधुमेह, मूळव्याध हे तसे सभ्य आजार. घरच्या घरी राहतात. इसब उगवतं पोटरीवर, आणि आमच्या पेडण्याकडे घरी असलेला पुरुष गुडघ्याखाली काही घालत नाही, त्यामुळे ते थेट सार्वजनिक मालमत्तेत जमा होतं. बरं, इसब एकदाचं शमलं तरी जाताना काळपट डाग मागे ठेवून जातं. इसबाबद्दल लोक आठवडाभर हळहळतात. डागाबद्दल वर्षभर सल्ले देतात.

पेडण्यातल्या आमच्या कोरगावात या सल्ल्यांचा हंगाम म्हणजे चवथ, अर्थात गणेशचतुर्थी. मुंबई, पुणे, वास्को, सावंतवाडी असे विखुरलेले भाऊबंद मूळ घरात गोळा झालेले असतात. गणपतीवर माटोळी बांधून झालेली, नेवऱ्या तळून झालेल्या, आरतीला अजून अवकाश. अशा वेळी ओसरीवर एखाद्याची उघडी पोटरी म्हणजे वाचनालयात आलेला ताजा पेपर. सगळे आळीपाळीने चाळतात.

"हें कितें जालां रे तुका?" हा पहिला प्रश्न. उत्तरासाठी कुणी थांबत नाही.

मोठे काका बिब्याचे पुरस्कर्ते. "बिबो लाय मरे, कायमचो वता!" कपड्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून परीट ज्या बिब्याने खूण करायचे, जी खूण कपडा विरला तरी विरत नसे, तोच बिबा डाग घालवण्यासाठी माझ्या कातडीला लावायचा! यातलं तर्कशास्त्र काकांना विचारायची आमच्या घराण्यात पद्धत नाही. बिब्याने कातडी भाजते, फोड येतात आणि फोड गेले की काळी खूण राहते. काकांच्या घोट्यावर अशी रुपयाएवढी खूण त्यांच्या लग्नाआधीपासून मुक्कामाला आहे. तीच दाखवून ते सांगतात, "पळय, माका गूण येयल्लो." इसब गेलं हे खरं असावं. बहुधा भिऊन गेलं.

बिबा, काजू आणि आंबा एकाच कुळातले. काजूच्या टरफलातलं तेल ओठाला लागून सुजलेलं तोंड, कैरीच्या चिकाने हनुवटीवर उठलेला ओघळ, हे आमच्याकडे उन्हाळ्यात कुठल्याही वाड्यावर बघायला मिळतं. एवढा अनुभव गाठीशी असलेला गाव डागावर औषध शोधायला पुन्हा त्याच कुळात सोयरीक करायला जातो.

आत्येचा पक्ष लिंबाचा. डागावर लिंबू चोळायचं आणि कोवळ्या उन्हात बसायचं. आत्ये प्रेमळ आहे, पण लिंबू आणि ऊन यांचं गुपचूप संगनमत असतं हे तिला कुणी सांगितलेलं नाही. विशेषतः लिंबाच्या सालीत अशी द्रव्यं असतात की त्यांच्यावर ऊन पडलं की कातडी भाजते आणि मूळ डागावर दुसरा, जास्त गडद डाग चढतो.

मुंबईच्या चुलतभावाकडे आधुनिक शास्त्र होतं, म्हणजे ट्यूब. एकाच नळीत स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक, असं तिघांचं आघाडी सरकार. गजकर्ण, खरूज, डासाचा चावा, लग्नाआधीचा चेहरा, सगळ्याला ती एकच चालते असं त्याचं म्हणणं. केंद्र सरकारने २०१८ मध्ये अनेक स्टिरॉइड मलमांची चिठ्ठीविना विक्रीची सवलत काढून घेतली, पण चुलतभावाच्या बॅगेपर्यंत ती अधिसूचना पोचली नव्हती. असली ट्यूब मनाला येईल तशी फासत राहिलं तर कातडी पातळ होते आणि गजकर्णावर फासली तर बुरशी आतल्या आत पसरते. "पण फरक लगेच पडतो," तो म्हणाला. पडतो खरा. म्हणून तर ती खपते.

आरती सुरू झाली तेव्हा कुठे माझी सुटका झाली. घुमट वाजवताना दोन्ही हात गुंततात, खाजवायला एकही उरत नाही. या घुमटाला २०१९ मध्ये गोव्याचं वारसा वाद्य म्हणून मान मिळाला. पूर्वी त्याच्या तोंडावर घोरपडीचं कातडं ताणायचे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापुढे ते चालेना, आता बकऱ्याचं ताणतात. म्हणजे घोरपडीच्या कातड्यामागे केंद्र सरकार उभं, आणि माझ्या कातड्यावर काका, आत्ये, चुलतभाऊ यांना मोकळं रान.

चवथ सरल्यावर बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात गेलो. पोर्तुगिजांनी १८४२ मध्ये वैद्यकीय शाळा काढली, तिचाच हा वंश. समोरची डॉक्टर माझ्या भाचीच्या वयाची. तिने पोटरीकडे पाहिलं आणि म्हणाली, "नखं दाखवा."

शाळा सुटल्यापासून मला हे कुणी म्हटलं नव्हतं. मी दोन्ही हात पुढे केले.

"हा व्रण नाहीच, नुसता डाग आहे," ती म्हणाली. इसबाचा मुख्य मुक्काम कातडीच्या वरच्या थरात, त्यामुळे ते सहसा व्रण ठेवत नाही. सूज आली की आपल्यासारख्या सावळ्या कातडीत रंग जास्त तयार होतो आणि तो मागे राहतो. वरवरचा असेल तर काही महिन्यांत फिकटतो. खाली झिरपलेला करडा-निळसर दिसतो आणि वर्षानुवर्षं रेंगाळतो. खरा व्रण करतात ती नखं: ओरबाडून जखम खोल जाते, तिच्यात जंतू शिरतात, खपली धरली की आपण ती काढतो. नुसतं खाजवत राहिलं तरी कातडी जाड आणि रेघारेघांची होते.

मग तिने जे सांगितलं ते इतकं नीरस होतं की ओसरीवर कुणी ऐकून घेतलं नसतं. नखं बारीक कापा. आंघोळ कोमट पाण्याची, थोडक्यात. अंग घासू नका, टिपा, आणि ओलसर असतानाच व्हॅसलीनसारखं काहीतरी चोपडा. स्टिरॉइडचं मलम तिनेही दिलं, पण मोजून: ट्यूबमधून तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत रेघ ओढायची, तेवढं बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतं, आणि तेही तिने सांगितलेले दिवसच. डाग फिकट करायचं मलम इसब पुरतं निवल्यावर. चिडलेल्या कातडीला ते झोंबतं, झोंबलं की पुन्हा सूज आणि पुन्हा डाग. तोवर उन्हात पोटरी झाकायची, नाहीतर सनस्क्रीन. खाजनात कोरगूट भात कापायला निघालेल्या माणसाने पोटरीला सनस्क्रीन लावणं कोरगावात कसं दिसतं, हे तिला कुठून कळणार! पहिल्याच दिवशी बांधावरून विचारणा झाली, लग्न कुणाचं?

खोबरेल चालेल का, हे आईच्या वतीने विचारलं. चालेल म्हणाली. फिलिपिन्समध्ये सौम्य-मध्यम इसब असलेल्या मुलांवर झालेला एक अभ्यास २०१४ मध्ये छापून आला, त्यात व्हर्जिन खोबरेल खनिज तेलापेक्षा सरस ठरलं होतं. हे घरी सांगितल्यावर आई दोन दिवस फिलिपिन्सबद्दल फार आदराने बोलत होती.

शेवटी मी घसा खाकरून मुख्य मुद्द्यावर आलो. "नुस्तें बंद कर" हा सल्ला काका, आत्ये आणि चुलतभाऊ यांनी एकमुखाने दिलेला एकमेव सल्ला होता. बांगडा नाही, तारली नाही, सुंगटांचं तर नावसुद्धा काढायचं नाही.

"मासे खाल्ल्यावर खाज वाढते, असं कधी झालंय?"

"नाही."

"मग खा की."

त्या दिवशी मी म्हापशाला मुद्दाम उतरून बांगडे घेतले आणि मगच पेडण्याची बस धरली.

पुढच्या चवथीला डाग बराच पुसट झाला होता. पोटरी पुन्हा ओसरीवर चाळली गेली. लिंबानेच काम केलं, असं आत्येने जाहीर केलं. ट्यूबमुळे झालं, असं चुलतभाऊ म्हणाला. तो ठेवून गेलेली ट्यूब फडताळात झाकणसुद्धा न उघडता पडून होती. काकांना मी नम्रपणे सांगितलं की बिबा मी लावलाच नाही.

"घरांत हाडून दवरिल्लो मू?" काका म्हणाले. "जालें तर!"