दहावा माणूस

माझं आडनाव नागावकर. अलिबागच्या दक्षिणेला जे नागाव आहे, तिथून आमचे कोणी पूर्वज पुण्यात आले आणि मासळीसकट सगळं विसरले. कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंनीही आडनावं घेतली ती अशीच गावांवरून : दिवेकर, पेणकर, रोहेकर, किहीमकर, अष्टमकर. आणि हो, नागावकर. आडनावावरून माणूस ओळखायला जाऊ नये, हे मी इतिहासाच्या वर्गात पोरांना वर्षानुवर्षं बजावत आलो. पण वर्गात सांगितलेलं घरी आणायची आम्हा प्राध्यापकांना सवय नसते.

निवृत्तीनंतर मी या समाजाच्या इतिहासावर बरंच वाचलं आणि एक टिपण तयार केलं. 'टिपण' म्हणजे मोठ्या अक्षरांतली सव्वीस पानं. ते कोणी मागितलं नव्हतं. माझा एक बेने इस्रायली मित्र म्हणाला, "शुक्रवारी संध्याकाळी ये आमच्या सिनेगॉगमध्ये, शब्बाथची प्रार्थना बघ, जेवून जा. टोपी आण." मी टोपी घेतली, पेढ्यांचा पुडा घेतला आणि, असावं म्हणून, टिपणही घेतलं. निघताना मित्राचा फोन : त्याला ताप भरला होता. "तू जा. माझं नाव सांग, झालं."

मुंबईजवळच्या त्या सिनेगॉगच्या दारात वडिलांची काळी टोपी घालून पोचलो तर तिथले एक आजोबा मला पाहून इतके खुलले, की माझी कीर्ती माझ्या आधी पोचली असावी असंच मला वाटलं.

"आडनाव?"

"नागावकर."

"अरे वा! म्हणजे आपलेच!"

आपुलकीनं कोणी असं म्हटलं तर माणूस काय करतो? मीही म्हणालो, "आपलाच, आपलाच!" आजोबांनी आत पाहत कसलंसं वचन पुटपुटलं. मी तो आशीर्वाद समजून मान लववली. माणसं एक-दोन-तीन अशी मोजायची नाहीत, म्हणून दहा शब्दांचं एक वचन म्हणत एकेका शब्दाला एकेक डोकं धरायचं, अशी ती पद्धत. सार्वजनिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. एरवी दहावा शब्द माझ्या मित्रावर पडायचा. तो तापात. मी टोपीत.

हेही माझ्या टिपणात होतं. पान एकोणीस.

मागच्या बाकावर दाराजवळ जागा मिळाली. हातात दिलेलं पुस्तक मी डावीकडून उघडलं. शेजाऱ्यानं न बोलता ते काढून घेतलं आणि दुसऱ्या बाजूनं उघडून दिलं. मग 'लखा दोदी' सुरू झालं. श्लोमो अल्काबेत्झ यांनी सोळाव्या शतकात रचलेलं, शब्बाथला नववधू मानून तिचं स्वागत करणारं हे गीत. चाल अशी लागली की मी डोळे मिटून ताल धरला. शेवटच्या कडव्याला सगळी मंडळी उठली, गर्रकन वळली आणि माझ्याकडे तोंड करून चक्क झुकली.

हार-तुऱ्याविना इतका मोठा सत्कार माझा कॉलेजातही झाला नव्हता. मी गहिवरलो. टिपण काखेत धरलं, दोन्ही हात जोडले आणि अध्यक्षीय नमस्कार केला. एक उजवीकडे, एक डावीकडे, एक वरच्या सज्जात बसलेल्या बायकांना.

सज्जातून कोणीतरी फिस्सकन हसलं. नववधू दारातून यायची असते. मी तिच्या वाटेत उभा होतो.

आजोबांना त्या नमस्काराची शंका आली असणार. गीत संपताच ते माझ्यापाशी आले आणि हळूच म्हणाले, "तुमचं हिब्रू नाव काय हो? उद्या सकाळी तोराहपुढे बोलवायला लागेल. नाव आणि वडिलांचं नाव."

"गजानन," मी म्हणालो. "गजानन विनायक."

आजोबांनी एकदा डोळे मिटून उघडले. पुढची प्रार्थना दहांशिवाय सुरू करता येत नव्हती आणि शब्बाथ लागल्यामुळे फोनही करायचा नव्हता. एक गृहस्थ चालत समोरच्या इमारतीत गेले. जरा वेळानं ते एका मुलाला घेऊन आले. त्याला नुकतंच तेरावं पूर्ण झालं होतं, बार मित्स्वा झाली होती, आणि दप्तरातून काढल्यासारखी चुरगळलेली टोपी डोक्यावर होती. पण तो आला आणि दहा झाले. माझी डॉक्टरेट आणि सव्वीस पानं मिळून अर्धासुद्धा माणूस भरला नव्हता.

प्रार्थनेनंतर शेजारच्या खोलीत जेवण होतं. काळ्या मनुकांच्या सरबतावर किद्दूश, म्हणजे शब्बाथचा आशीर्वाद, झाला, आणि मी पेढ्यांचा पुडा उघडला. एका काकूंनी तो हसत हसत मिटला. मटणाचा रस्सा होता, तोही नारळाच्या दुधातला. मटण आणि गाईम्हशीचं दूध एका जेवणात चालत नाही. नारळाला मात्र सगळं माफ. कोकणानं मोशेच्या नियमशास्त्राची केलेली ही सर्वात मोठी सेवा असावी.

मग सगळे हात धुवायला व्हरांड्यात गेले. शेवटी मी. रिकाम्या खोलीत दोन ट्यूबलाइट आणि चार पंखे! पुण्यातल्या मध्यमवर्गीयाचा हात अशा वेळी मेंदूला विचारत नाही. सगळी बटणं बंद.

हात धुतल्यापासून भाकरीचा आशीर्वाद होईपर्यंत बोलायचं नसतं. मंडळी परतली ती अंधारात आणि एक अक्षर न बोलता. मला ती शांतता फार भावली. चाचपडतच भाकरी मोडली गेली. मग आजोबांचा आवाज आला, "पाहुण्यांना अंधारात अडचण होत असेल, नाही?"

"छे छे! मला मुळीच नाही."

थोडा वेळ गेला. काकू : "रश्श्यात हाडं असतात हो. तुम्हाला दिसायला हवं."

"माझे दात अजून शाबूत आहेत!"

"तुम्हाला उकडत असेल," तिसरे म्हणाले.

"उलट, छान वाटतंय."

शब्बाथला या मंडळींनी बटण दाबायचं नाही, आणि मला दाबा असंही सांगायचं नाही. पण मी माझ्या स्वतःच्या गरजेसाठी दिवा लावला तर त्या उजेडात सगळ्यांना जेवता येतं. ते सगळे मिळून माझ्यात एक गरज निर्माण करू पाहत होते आणि मी पाहुण्याच्या सभ्यतेनं ती परतवत होतो.

शेवटी तो तेरा वर्षांचा दहावा माणूस बोलला. "काका, मघाशी तुमच्या काखेत होतं ते काय आहे?"

"टिपण आहे. तुमच्या समाजाच्या इतिहासावर."

"मग ते तुम्ही अंधारात कसं वाचणार?"

मी एका उडीत बटणापाशी. लख्ख उजेड, पंख्यांचा वारा, सगळ्यांचा एकच सुटकेचा नि:श्वास. तो मला उत्सुकतेचा वाटला. मी उभा राहिलो आणि नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फोडलं. त्यातून वाचलेली सात जोडपी, शनिवारी घाणा बंद ठेवणारे शनवार तेली, टिपूच्या कैदेतून सुटून आल्यावर 1796 मध्ये मुंबईतलं पहिलं सिनेगॉग बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर, सगळं त्यांना ऐकवलं. त्यांनी ते आजीच्या मांडीवर ऐकलेलं होतं. समोर दोन दिवेकर बसले होते. ते मान डोलावत रस्सा ओरपत होते. एलियाहू हन्नाबींच्या नावानं करतात त्या मलिद्यावर आलो तेव्हा काकूंनी थांबवलं. "पोहे आधी भिजवायचे, मग नारळ, साखर, वेलची. तुमच्या कागदावर कोरडेच राहिलेत."

पान एकोणीस मी स्वतःहून गाळलं. तेवढ्यात कोणीतरी उठून माझी खुर्ची उचलली आणि टेबलाच्या पार त्या टोकाला, खिडकीपाशी नेऊन ठेवली. वारा लागावा म्हणून, असं आजोबा म्हणाले. बटणापाशी त्यांनी त्या मुलाला बसवलं होतं.