किल्लीपुरता मालक

मुंबईहून सुटीला कोसबाडला आलेला पुतण्या काकांच्या गाडीची किल्ली उचलतो आणि तलासरीकडे निघतो. कायद्याला या नात्याची केवढी कदर! मागून आणलेले वाहन चालवणारा मालकाच्याच जागी उभा असतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 2009 साली निंगम्मा खटल्यात म्हटले. म्हणजे मोटार वाहन कायद्याच्या, 2022 पर्यंत लागू असलेल्या कलम 163-अ खाली त्याच्या वारसांना गाडीच्याच पॉलिसीवर त्रयस्थ म्हणून हात पसरता येत नसे.

चालक-मालकाचे सक्तीचे 15 लाखांचे अपघात संरक्षण मात्र नोंदणीकृत मालकालाच. तिथे तो पुन्हा पुतण्या.

चिकूच्या वाडीच्या कुंपणाला बंपर घासून दावा केलाच, तर काकांचा पाच वर्षे जपलेला 50 टक्के नो क्लेम बोनस जातो. घराण्याचा त्याग म्हणतात तो हाच.

आता आरसी बुकात ‘तूर्त पुतण्या’ असा रकानाच काढावा. काकूंची एकच शंका आहे: पेट्रोल भरताना तो कोण असतो?