अणदूरवरून नळदुर्ग

मुलगी शिकायला परदेशी गेली की तिथलं एखादं कुटुंब तिला लळा लावतं आणि शनिवार-रविवारी फिरवून आणतं, असं आईने कुणाकडून तरी ऐकलं होतं. मी चालले होते डोंबिवलीहून तुळजापूरला, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत. पण आईचा परदेश कर्जतच्या पुढे सुरू होतो. तिने फोनवर फोन करून शेजारच्या काकूंच्या साडूंचे चुलतभाऊ शोधून काढले. जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी होते.

"रविवारी मोकळीच असशील की. सगळा जिल्हा दाखवताव तुला," गुरुजी म्हणाले, आणि शब्दाला जागले. सरकारी नकाशात धाराशिव जिल्ह्यात आठ तालुके आहेत. गुरुजींच्या नकाशात आत्या, मावश्या, व्याही आणि एक मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे.

पहिला मान नळदुर्गाचा. सकाळी सातला निघायचं ठरलं, म्हणजे साडेदहाला क्रुझर दाराशी आली. गाडी पुतण्याची. आत गुरुजी, काकू, त्यांची दोन पोरं, आजी, लोहाऱ्याला जाणाऱ्या शेजारच्या बाई, ज्वारीचं अर्धं पोतं आणि बोअरची जळालेली मोटर. किल्ला बघायला मोटर कशाला, हे मी विचारलं नाही. मला बसायला जागा तिच्यावरच मिळाली होती.

तुळजापूरहून नळदुर्गला सरळ रस्ता आहे. अणदूर वाटेत लागत नाही, ते लावून घ्यावं लागतं. तिथे गुरुजींची आत्या राहते. "नुसता चहा घेऊन निघू," गुरुजी म्हणाले. आधी चुरमुऱ्यांचा सुशीला आला. मग चहा. मग आत्या चुलीपुढे बसली आणि काकू पदर खोचून तिच्या मदतीला गेल्या, तेव्हा मी किल्ल्याची आशा सोडली. भाकरी, पिठलं, शेंगदाण्याची चटणी, ठेचा. मी तिसऱ्या भाकरीकडे आदराने पाहत होते, तर आत्या म्हणाली, "खायलीस का नुसतं बघायलीस? लई वाळलीस गं!" तिने मला त्याआधी कधीही पाहिलं नव्हतं.

जेवताना तिने खंडोबाची हकिगत सांगितली. देवाची मूर्ती एकच, देवळं दोन. सव्वादहा महिने मुक्काम अणदुरात आणि पावणेदोन महिने नळदुर्गाजवळच्या मैलारपुरात. दर वेळी देव हलवताना दोन्ही गावचे मानकरी लेखी करार करतात, की अमुक दिवशी परत पाठवू. मला हा करार फार आवडला. देव निदान कागदावर तरी सुटतो. मला आत्या तोंडीसुद्धा सोडेना.

किल्ल्यात शिरलो तेव्हा ऊन उतरलं होतं. आत गेल्याबरोबर गुरुजींच्या अंगात शाळा भरली. किल्ल्याला ११४ बुरूज, त्यातला सगळ्यात उंच उपली बुरूज. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात बोरी नदीवर बंधारा घातला आणि बंधाऱ्याच्या पोटातच पाणीमहाल काढला. "१८५३ साली मेडोज टेलर नावाचा इंग्रज अधिकारी इथं कारभाराला आला. ठगांवर कादंबरी लिहिली ती यानंच. तवा जिल्ह्याचं ठाणं नळदुर्ग होतं. सांग, कितीला आला?" मी १८५३ म्हटलं. धाकट्याने १९५३ म्हटलं आणि त्याला तिथेच अंगठे धरायला लावलं. टेलरला इथे कुणाची आत्या भेटली होती की नाही, हे गुरुजींना विचारायचं माझ्या मनात आलं, पण अंगठे आठवले.

पाणीमहालात मात्र माझी बोलती बंद झाली. डोक्यावरून नर आणि मादी असे दोन धबधबे कोसळतायत, समोर पाण्याचा पडदा, आणि त्याच्या मागे कोरडं उभं राहून आपण बाहेर बघतोय. चारशे वर्षांपूर्वी हे सुचलं कुणाला! सगळे गप्प होते. आजी पुढे झाल्या, खाली डोकावल्या आणि म्हणाल्या, "एवढं पाणी वाहून जायलंय, आणि उन्हाळ्यात आपण टँकरच्या मागं पळायलाव." मग काकूंनी आत्याकडचे धपाटे सोडले.

पुढच्या रविवारी तेरला संत गोरोबाकाकांच्या समाधीचं दर्शन झालं आणि लामतुरे संग्रहालयही पाहिलं. तेर म्हणजे जुनं तगर. दोन हजार वर्षांपूर्वी इथला माल बैलगाड्यांनी भडोचला जाई आणि तिथून जहाजाने रोमन साम्राज्यात. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या प्रवासपुस्तकात त्याची नोंद आहे. पैठणहून पूर्वेला तगर दहा दिवसांच्या वाटेवर, असं तो लिहितो. गुरुजींना एवढे दिवस पटेनात. पुतण्या स्टिअरिंगवरचा हात न काढता म्हणाला, "काका, मधी पाव्हणे नसतील का?"

त्यानंतरच्या रविवारी कुंथलगिरीला नेलं ते जैन सिद्धक्षेत्र आणि पेढा या दोन कारणांसाठी, असं मला सांगण्यात आलं. तिसरं कारण भूमला कळलं. पुतण्यासाठी मुलगी बघायची होती. "ताई टाटाला शिकायली, प्रश्न तीच विचारंल," असं म्हणून मला पुढे केलं. मी समाजशास्त्रीय पद्धतीने छंद विचारला. मुलीने तो सांगितला आणि शांतपणे मला विचारलं, "तुमचं शिकून झाल्यावर नोकरी कशाची लागती?" खोलीत एवढी शांतता मी पाणीमहालातही ऐकली नव्हती. मुलगा पसंत पडला. माझ्याबद्दल त्यांनी काही कळवलं नाही.

नळदुर्ग बघायचा असेल तर चांगला पाऊस झाल्यावर जा, बोरी भरून वाहत असेल तेव्हा. एरवी नर-मादी कोरडे असतात. तुळजापूरहून सरळ रस्त्याने जा. अणदूरवरून जाणार असाल तर आदल्या रात्री जेवू नका.