ओळखा पाहू, पूल कोणता?

रेल्वेवेड्यांचा लाडका खेळ: नदीवरच्या पुलाचा फोटो टाकायचा आणि म्हणायचं, ओळखा! मग कुणी गर्डरचे रिव्हेट मोजतो, कुणी दगडी खांबांवर प्रबंध झोडतो. वऱ्हाडातल्या कामरगावच्या पारावर शकुंतला नावाच्या रेल्वेगाडीच्या लाइनीवरचा एखादा पूल दाखवून बघा. मूर्तिजापूर-कारंजा-यवतमाळ, ११३ किलोमीटर, रुळांतलं अंतर अडीच फूट. मँचेस्टरात १९२१ साली घडलेलं वाफेचं इंजिन इथं १९९४ पर्यंत राबलं. पुढे डिझेल आलं, मग गाडीच बंद. शकुंतलेला विसरायची रीत तशी जुनीच. इथं तर अंगठीही सापडेना. पारावरचे आजोबा फोटोकडे ढुंकूनही न पाहता म्हणतील, "पूल आमी सांगतो बापू, गाडी कवा येते थे तुमी वळखा!" बक्षीस लावायचंच तर या प्रश्नाला लावा, पैसे हमखास वाचतील.