गॅसची घट

नवी मुंबईत जुन्या पिकअपचा एसी बदलून घेणारा मालक हा स्वतंत्र सामाजिक प्रकार मानावा लागतो, आणि तो समजून घ्यायचा असेल तर यंत्रशास्त्रापेक्षा तुर्भ्याच्या बाजारातले व्यवहारज्ञान अधिक उपयोगी पडते. पिकअप म्हणजे पुढे दोन-तीन माणसांची केबिन आणि मागे उघडा हौदा असलेली, दीड टनाच्या आसपास माल वाहणारी गाडी. ती बहुधा महिंद्राची बोलेरो किंवा टाटाची २०७ असते आणि मालकाच्या मते अजून दहा वर्षे सहज चालणार असते. मुंबईचा कांदा-बटाट्याचा घाऊक बाजार १९८१ मध्ये आणि फळे-भाजीपाल्याचा १९९६ मध्ये खाडी ओलांडून इकडे आला, त्यामागोमाग माथाडी कामगारांच्या वसाहती कोपरखैरणे-घणसोलीकडे उभ्या राहिल्या, आणि प्रस्तुत प्रकार मुख्यतः याच वसाहतींच्या दुसऱ्या पिढीत आढळतो. वडिलांनी गोणी पाठीवर घेतली, मुलाने ती हौद्यात टाकली, आणि एवढ्या प्रगतीनंतरही व्यापारी त्याला ‘ए पिकअप’ अशीच हाक मारत असल्यामुळे त्याचे लक्ष केबिनच्या काचेकडे वळले.

एसीचा खरा उपयोग इथे सुरू होतो. काच खाली असलेल्या गाडीतल्या माणसाशी कोणीही चालता चालता बोलते, त्याच्या स्टेअरिंगवर पावती ठेवते आणि ‘जरा मागे घे’ म्हणून निघून जाते. काच वर असली की मात्र बाहेरच्याला थांबून, बोटाच्या पेराने टकटक करून, आतला माणूस ती खाली करेपर्यंत वाट पाहावी लागते. या तीन-चार सेकंदांसाठी मालक किती खर्च करू शकतो याचा अंदाज अर्थशास्त्राला अद्याप आलेला नाही. एसी बंद पडलेला असतानाही बाजार समितीच्या फाटकातून आत शिरताना काच वर करून घामाने निथळत बसणारे मालक मे महिन्यात पाहायला मिळतात. त्यांची चेष्टा करणाऱ्याने एकदा त्या फाटकात पहाटे तीन वाजता काच खाली करून उभे राहून पाहावे.

सरकारने या प्रश्नात लक्ष घातले, पण या मालकापर्यंत ते पोहोचले नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या ट्रकची केबिन वातानुकूलित असलीच पाहिजे असा केंद्राचा नियम आहे. मात्र तो एन-२ आणि एन-३ या वर्गांना, म्हणजे मालासह साडेतीन टनांपेक्षा जास्त वजन भरणाऱ्या वाहनांना लागू होतो. पिकअप त्या रेषेच्या जेमतेम अलीकडे राहते. ‘मोठ्या गाडीवाल्यालाच गरम होतं का?’ हा मालकाचा सवाल तर्काला धरून आहे आणि त्याचे उत्तर कोणत्याही राजपत्रात सापडत नाही.

मालकाच्या डोक्यातला एसी आणि गाडीतला एसी यांत फरक आहे, आणि तोच या व्यक्तिविशेषाचा गाभा होय. प्रत्यक्षात एसी ही चारी बाजूंनी बंद अशी फेरी असते: इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर गॅस दाबतो; रेडिएटरसमोरची कंडेन्सर नावाची जाळी त्या गॅसची उष्णता बाहेर टाकून त्याचा द्रव करते; ड्रायर हा छोटा डबा त्यातला ओलावा शोषतो; एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून दाब एकदम उतरतो; आणि डॅशबोर्डामागच्या कूलिंग कॉइलमध्ये तोच द्रव पुन्हा गॅस होताना केबिनमधली उष्णता ओढून घेतो. आर-१३४ए हा त्यात वापरला जाणारा वायू साध्या हवेच्या दाबाला उणे २६ अंशांवर उकळतो, म्हणून हे सारे शक्य होते. या फेरीत गॅस खर्च होण्याची सोय कुठेही केलेली नाही. तो डिझेलसारखा जळत नाही, तोच तो फिरत राहतो, आणि कमी झालाच तर कुठून तरी गळतो आहे एवढाच त्याचा अर्थ होतो.

परंतु ज्याचे सारे आयुष्य ‘घट’ या कल्पनेवर चालले आहे त्याला हे पटणे कठीण असते. घट म्हणजे वाटेत सुकून, सडून, दबून मालाच्या वजनात येणारी तूट. नारायणगावहून निघालेला टोमॅटो माळशेज घाट उतरून तुर्भ्याला येईपर्यंत थोडा कमी होणार, चाळीतला कांदा पावसाळाभर हलका होणार, हे गृहीत धरूनच बाजारातला हिशेब लिहिला जातो. हमाली, तोलाई आणि घट यांच्याशी कोणी भांडत नाही. त्यामुळे मार्चमध्ये भरलेला गॅस मेमध्ये संपला तर मालकाला त्यात बिघाड दिसत नाही. त्याला ती घट वाटते, आणि घट भरून काढायची असते, शोधत बसायची नसते.

तुर्भ्याच्या गल्लीतल्या एसी मिस्त्रीला हे पूर्ण ठाऊक असते. गळती कुठे आहे हे त्याला बहुधा यंत्र न लावताच दिसते, कारण गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे तेलही बाहेर येते आणि त्या सांध्यावर धूळ बसून काळा, चिकट डाग तयार होतो. तो साबणाचा फेस ब्रशने लावतो, एका जोडावर मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक फुगतात, आणि तो बोट दाखवून म्हणतो, ‘शेठ, पाइप बदला, गॅस टिकणार नाय.’ शेठ वाकून बुडबुड्यांकडे सहानुभूतीने पाहतो आणि म्हणतो, ‘तू भर तर आधी. सीझन निघू दे.’ सीझन म्हणजे आंब्याचा, आणि तो निघेपर्यंत गॅस तीनदा भरून होतो. तीन वेळचा गॅस पाइपापेक्षा महाग पडला हे त्याला दाखवून देणे व्यर्थ असते, कारण गॅसचे पैसे रोजखर्चात जातात आणि पाइपासाठी घरात विचारावे लागते.

पाळी अखेर सगळी सिस्टीम बदलण्यावर येते, पण सगळी सिस्टीम एकदम बदलणे या प्रकाराच्या स्वभावात बसत नाही. कॉम्प्रेसर कुर्ल्याच्या भंगार बाजारातून काढीव, म्हणजे दुसऱ्या मोडीत निघालेल्या गाडीचा, आणला जातो. त्याची किंमत मालक अशा चिवटपणे पाडतो की फळबाजारात रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवण्याची हत्ता पद्धत त्याच्या रक्तात उतरली आहे याविषयी शंका उरत नाही. कंडेन्सर नवा, पण हलक्या बनावटीचा. आणि ड्रायर जुनाच. आधीचा कॉम्प्रेसर आतून झिजून गेला असेल तर त्याची धातूची भुकटी नळ्यांत पसरलेली असते, म्हणून नळ्या धुवाव्या लागतात. शिवाय सिस्टीम उघडली की ड्रायर हवेतला ओलावा पिऊन निकामी होतो, म्हणून तो बदलणे हा पहिला नियम आहे. सबंध यादीतली ही जवळजवळ सर्वांत स्वस्त वस्तू असल्यामुळे मालक नेमकी तिथेच बचत करतो. व्हॅक्यूम, म्हणजे नळ्यांतली हवा पंपाने ओढून आतला ओलावा उडवून देणे, याला निदान अर्धा तास लागतो. तोवर मालकाचे दोन फोन येतात आणि पंप दहा मिनिटांत बंद होतो.

डॅशबोर्ड खोलण्याचा प्रसंग मात्र पाहण्यासारखा असतो. कूलिंग कॉइल बाहेर काढली की तिच्या पत्र्यांत आणि ब्लोअरच्या पंख्यात कांद्याची टरफले, आंब्याच्या पेटीतले गवत, अर्धी जळालेली अगरबत्ती आणि पुसट झालेली वजनकाट्याची पावती असा केबिनमधल्या कित्येक वर्षांचा ऐवज निघतो. जत्रेला गावी जाताना एसी लावला की कुजका वास येतो, ही बायकोची तक्रार खरी होती हे त्या क्षणी सिद्ध होते, परंतु मालक ती पावती तेवढी उचलून तारीख वाचतो आणि ‘या गाडीचे पैसे राहिलेत की’ असे पुटपुटतो. डॅशबोर्ड परत बसवल्यावर चार स्क्रू उरतात. ते कंपनीने जास्तीचे दिले होते असे मिस्त्री सांगतो.

नवा-जुना एसी पहिले पंधरा दिवस उत्तम चालतो. घाट चढताना तो बंद करावा लागतो, कारण कॉम्प्रेसर इंजिनाचीच ताकद खातो आणि भरल्या गाडीला ती चाकांवर हवी असते. उतारावर मालक तो पुन्हा लावतो, काच वर करतो आणि उन्हात उभ्या असलेल्या दुसऱ्या पिकअपवाल्याला मुद्दाम काचेआडूनच हात करतो. तीन वर्षांत पाइप, ड्रायर, व्हॉल्व्ह, कॉइल असे एकेक करून सारे काही बदलून होते आणि तरीही ‘एसी कंपनीचाच आहे’ हे विधान तो शपथेवर करू शकतो.

गाडी विकायला काढली जाते तेव्हा हिवाळा असतो. गिऱ्हाईक एसीचे बटण दाबते, ब्लोअरमधून साधा वारा येतो, आणि मालक अत्यंत सहज स्वरात सांगतो, ‘एसी एकदम फिट आहे, फक्त गॅस भरायचाय.’ गिऱ्हाईकही याच बाजारातले असल्यामुळे ते गळतीबद्दल अवाक्षर काढत नाही. किमतीतून दोन हजार घट म्हणून वळते करते आणि चावी मागते.