काकाजींचं श्वानशास्त्र

मंगरुळपीर तालुक्यातल्या आसेगावात कुत्रं भुंकलं, तर ते का भुंकलं हे कुत्र्याला ठाऊक असो वा नसो, काकाजींना ठाऊक असतं. स्टँडवरच्या पानठेल्यापुढचं बाकडं ही त्यांची गादी. सगळं ज्ञान मोबाइलवर व्हिडिओ पाहून मिळवलेलं, आणि पंचाईत अशी की त्यातलं बहुतेक खरं आहे. थापा मारणाऱ्याला तोडता तरी येतं.

त्यांचा पहिला सिद्धांत वेळेचा. "कुत्र्यानं काम केलं की तेव्हाच खाऊ द्या लागते, भाऊ. पाच मिनिटानं देसान, तं मधात त्यानं जे केलं त्याचं बक्षीस होते ते." सप्ताहात कीर्तनकार नामदेव महाराजांची गोष्ट सांगत होते. कुत्रं भाकरी घेऊन पळालं आणि महाराज तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले. मंडप गहिवरला. काकाजी शेजाऱ्याच्या कानात म्हणाले, "भक्ती बरोबर हाय, टायमिंग चुकलं. ते कुत्रं मंग रोज भाकर पळवत असन." तो शेजारी आता बायकांच्या बाजूला जागा मिळते का ते पाहतो.

घरी शेरू आहे. गावठीच, पण काकाजी त्याला 'देशी नस्ल' म्हणतात आणि हुकूम इंग्रजीत सोडतात. 'सिट' म्हटलं की शेरू उभा राहतो. 'कम' म्हटलं की शेपूट हलवत निघून जातो. "इचार करून राह्यला तो," हे काकाजींचं भाष्य. काकूंनी असला एकही व्हिडिओ पाहिलेला नाही. उंबऱ्याच्या आत पाय टाकला तर भाकर नाही, बाहेर गुमान बसलं तर भाकर, एवढंच त्या न चुकता करत आल्या. त्यांच्या हातात टोपलं दिसलं की शेरू उंबऱ्याबाहेर असा बसतो की झेंडावंदनाला न्यावा. काकाजी हे आपल्या शिकवणीच्या खात्यात जमा करतात.

एकदा शेरूनं दुधाचा गंज लवंडला. काकू कडाडल्या. शेरू कान पाडून, नजर चोरत कोपऱ्यात. "पाहा, समजते बाप्पा त्याले!" काकू म्हणाल्या. काकाजींनी लगेच अलेक्झांड्रा होरोविट्झ बाईंना घरात आणलं. 2009 साली या अमेरिकेतल्या बाईंचा प्रयोग छापून आला: कुत्र्याचं ते अपराधी तोंड गुन्ह्यामुळे होत नाही, मालकाच्या रागावण्यानं होतं. काहीच न केलेलं कुत्रंही ओरडा खाल्ला की तस्संच तोंड करतं. "तो पस्तावा नोहे. तुह्या आवाजाचा असर हाय."

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "अन् गंज उघडा कोनं ठेवला होता?"

काकाजींनी नजर चोरली. होरोविट्झ बाई तिथे असत्या तर दोन्ही तोंडं टिपून घेतली असती.

मांजरांचं शास्त्र त्यांनी अलीकडे हाती घेतलं. इंग्लंडमध्ये ससेक्स विद्यापीठातल्या लोकांनी 2020 मध्ये दाखवलं, की माणसानं मांजरीकडे पाहून डोळे सावकाश मिटले-उघडले तर तीही तसंच करते, आणि जवळ यायला जास्त राजी होते. काकाजी ठेल्यामागच्या मांजरीपुढे बराच वेळ डोळे मिचकावत बसले. मांजर आली नाही. मेडिकलवाला पोरगा मात्र डोळ्यांत टाकायचं औषध घेऊन आला.

एका बाबतीत त्यांचं शास्त्र चूप बसतं. कोणाला कुत्रं चावलं की ते जखम नळाखाली धरून साबणानं पंधरा मिनिटं धुवायला लावतात आणि स्वतः गाडीवर बसवून दवाखान्यात नेतात. मिरची-हळदीची भाषा करणाऱ्याला शिव्या बसतात. "कुत्र्याचा स्वभाव मंग पाहू. आंदी सुई."

मागे गावात चोरी झाली आणि श्वानपथक आलं. पोलिसांचं कुत्रं हुंगत हुंगत डांबरी रोडापर्यंत गेलं आणि तिथेच घुटमळलं. पेपरातल्या बातमीत ते नेहमी जिथे घुटमळतं तिथेच. शिपायानं त्याला शाबासकीचा खाऊ दिला. गर्दीतून शेरू पुढे आला आणि कोणी न सांगता शिपायासमोर ताठ बसला. त्यालाही तुकडा मिळाला. मग जीप निघाली आणि शेरू जीव तोडून तिच्या मागे धावला.

संध्याकाळी ठेल्यावर काकाजींनी पानाला चुना लावता लावता निकाल दिला, "पोलिसाचं कुत्रं रोडावरच थांबलं, भाऊ. आपलं नाल्याच्या पुलापर्यंत गेलतं."