चार दोऱ्यांचे नाना

नाना कूलर घ्यायचा म्हणाले तेव्हा गुढीपाडवा होता. कूलर घरात आला तेव्हा नागपंचमी. मधला उन्हाळा नानांनी अभ्यासात काढला आणि नानींनी ओल्या चादरीत. वाळ्याची जाळी की मधाच्या पोळ्यासारखी पुठ्ठ्याची, पत्रा की प्लास्टिक, टाकी केवढी, पंखा किती इंची, सगळं दोनशे पानी वहीत उतरलं. त्या वहीच्या जोरावर गल्लीतल्या सहा घरांनी मेच्या पहिल्या आठवड्यात कूलर घेतले. सहाही चांगले निघाले.

असा एक माणूस प्रत्येक गावात असतो. मोबाइल, मिक्सर, पाण्याची मोटर, जावई, काहीही निवडायचं असलं की लोक त्याच्या ओट्यावर येतात, चहा पितात आणि निकाल घेऊन जातात. त्याच्या स्वतःच्या घरात मात्र मिक्सर वीस वर्षांपूर्वीचा असतो आणि त्याचं झाकण हातानं दाबून धरावं लागतं. लोक अशा माणसाला कंजूष म्हणतात, ते चूक आहे. कंजूष माणूस पैसे जातील म्हणून थांबतो, नाना निवड संपेल म्हणून. वस्तू घरी आली की नानांचा चेहरा लेकीला सासरी पाठवून परतलेल्या बापासारखा होतो.

तर या नानांना गेल्याच्या मागच्या संक्रांतीला पतंग घ्यायची इच्छा झाली. वय एकसष्ट.

साक्रीत पतंग घेणं म्हणजे काय, ते बाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. सुरत–नागपूर महामार्ग आमच्या गावावरून जातो, त्यामुळे गुजरातचा पतंग, गुजरातची चक्री आणि गुजरातचा उत्साह आमच्याकडे ट्रकनं येतो. पोरगं दुकानात जातं, पाच-सात पतंग उचलतं, उन्हात धरून कामटी बघतं, डोक्यावर घासून वाकवतं आणि निघतं. वेळ, दीड मिनिट. नानांनी आयुष्यात पतंग उडवला नव्हता, कारण कन्नी कुठे बांधावी याबद्दल त्यांचं मत अजून पक्कं झालं नव्हतं.

त्यात पुतण्यानं कॅलिफोर्नियाहून एक व्हिडिओ पाठवला. समुद्राकाठी एक माणूस दोन्ही हातांत दोन मुठी धरून उभा, प्रत्येक मुठीला दोन दोऱ्या आणि समोर आडवं पसरलेल्या वटवाघळासारखं काहीतरी. शेपूट नाही. ते वर गेलं, मध्येच थांबलं, थांबूनच राहिलं. मग उलटं, म्हणजे पाठीमागे, खाली आलं. डोकं वाळूला टेकवलं आणि परत वर चढलं, समोर धरून सोडणारं कुणी नसताना.

नानांनी तो व्हिडिओ अकरा वेळा पाहिला. नानींनी एकदाच पाहिला आणि म्हणाल्या, "एक दोरी तं सांभायता येस नही, चार कसाले?"

दुसऱ्या दिवसापासून वही सुरू.

आठवड्याभरात आम्हाला कळलं की हा पतंग सॅन डिएगोच्या जो हॅडझिकी आणि त्याच्या भावांनी 1980च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आणला आणि त्याचं नाव 'रिव्होल्यूशन'. नाना शुद्ध मराठीचे अभिमानी, ते त्याला 'क्रांती' म्हणू लागले. त्यात या पतंगाचे मुख्य प्रकार तीन. नंबर एक सगळ्यात मोठा, नऊ फुटी. नंबर दोन लहान. आणि दोघांच्या मधला, नवशिक्यांना बहुतेक जण सुचवतात तो, नंबर दीड. तेव्हा बसस्टँडवरच्या टपरीवर भर गर्दीत नाना मला म्हणाले, "क्रांतीचं पक्कं आहे. फक्त एक करायची की दीड, एवढंच ठरायचंय." शेजारी बसलेल्या हवालदारानं चहा अर्धा ठेवला.

हातात पतंग नसल्यामुळे नानांना इतिहास शिकायला भरपूर वेळ होता. विल्बर राइटनं 1899 साली डेटन गावात पाच फुटी दुमजली पतंग उडवला, तोही चार दोऱ्यांचा, दोन हातांत दोन काठ्या धरून. पंख पिळले की यंत्र वळतं का, हे त्याला बघायचं होतं. वळलं. पतंगानं मध्येच असा सूर मारला की बघायला जमलेली पोरं जमिनीवर पालथी पडली, असं सांगतात. चार वर्षांनी विमान उडालं. हे सांगून झालं की नाना वहीचं दुसरं पान उघडायचे. 1934च्या विमान कायद्यानं विमानाची जी व्याख्या केली, तिच्यात फुगे, ग्लायडर यांच्या जोडीला पतंगही होता. "म्हणजे कायद्यानं आपण विमान घेतोय," नाना म्हणाले. "विमान घेताना माणूस घाई करतो का?"

याला उत्तर नव्हतं. मी चहाचे पैसे दिले.

गावात सल्ला देणारे कमी नाहीत. पुण्याला राहून आलेला एक जण म्हणाला, आधी दोन दोऱ्यांचा घ्या, तो सोपा. नानांनी त्याला ओट्यावर तासभर बसवलं. दोन दोऱ्यांच्या पतंगाला फक्त पुढे पळता येतं. डावी ओढली डावीकडे, उजवी ओढली उजवीकडे, पण जागेवर थांब म्हटलं तर थांबत नाही. चारांच्यात वरच्या दोन दोऱ्या पळवायला, खालच्या दोन आवरायला. वरच्या ताणल्या की पुढे, खालच्या ताणल्या की मागे, दोन्ही सारख्या तोलल्या की आकाशात उभा. म्हणून चार शिकायला आधी दोन शिकलंच पाहिजे असं नाही, उलट पळवायची सवय लागली तर ती मोडावी लागते. हे सगळं नानांनी नानींच्या सुपाला चार सुतळ्या बांधून समजावलं. पुण्याचा माणूस पटला. आतून आवाज आला, "डाय कसामा पाखडू?"

नानांच्या चेष्टेत मीही पुढे असतो, पण एका गोष्टीत त्यांनी मला गप्प केलं. ती म्हणजे वारा. आमच्या तालुक्यात ब्राह्मणवेल, छडवेलच्या पठारावर पवनचक्क्यांची रांग उभी आहे. मोठमोठ्या कंपन्यांनी वारा मोजून, हिशेब मांडून त्या इथे आणून रोवल्या. आणि पवनचक्की जोरात कधी फिरते? वैशाख सरता सरता सुरू होते ती श्रावणापर्यंत, नैऋत्येचा वारा घाटावरून घुसतो तेव्हा. संक्रांतीला ती पेंगत असते. "ज्या गावाला वारा शोधायला कंपन्या येतात," नाना म्हणाले, "ते गाव पतंग उडवायला नेमका बिनवाऱ्याचा महिना निवडतं. आणि मला म्हणतात अभ्यासू!"

गुजरातेत 14 जानेवारीला उडतात म्हणून आपणही उडवायचे, एवढाच आमचा अभ्यास. कागदाचा हलका पतंग जानेवारीच्या झुळकेवर चढतो, हे खरं. चार दोऱ्यांच्याला मात्र तासाला दहा-बारा किलोमीटरचा तरी सरळ, न अडखळणारा वारा लागतो. निदान शिकताना लागतोच, कारण वारा पडला की मागे सरकत राहून पतंग जिवंत ठेवणं हे मुरलेल्याचं काम. वारा वाढला तर त्याच पतंगाची दुसरी जात असते, कापडाला जाळीचे झरोके असलेली. थोडी जाळी मध्यम वाऱ्याला, सगळी जाळी सोसाट्याला. नवशिक्यानं आपल्या गावचा वारा बघून यातली एक घ्यायची. नानांनी गावचा वारा बघितला आणि तीनही घ्याव्या लागतील या निष्कर्षाला आले. तीन क्रांत्यांचा खर्च डॉलरांतून रुपयांत केला, तेव्हा ते पहिल्यांदा थोडे आजारी दिसले.

वारा मोजायला यंत्र मिळतं. यंत्र कोणतं घ्यावं याचा अभ्यास वेगळा झाला असता, म्हणून नानींच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर भागवलं. बोफर्ट नावाच्या आयरिश दर्यावर्दीनं 1805च्या सुमाराला वाऱ्याच्या पायऱ्या ठरवल्या. नानांनी त्या गच्चीवर बसवल्या. रुमाल हलला, कमी. टॉवेल डुलला, बेताचा. लुगडं दोरीवरून निम्मं उचललं, उत्तम. पत्रा वाजला, घरात. ही मोजणी मी स्वतः वापरतो आणि ती चुकत नाही.

पोरांचा आक्षेप निराळा होता. चार दोऱ्यांच्या पतंगाची दोरी गुळगुळीत असते, काच नाही, सरस नाही. असायलाच नको. चारही दोऱ्या एकमेकींवर घासत घसरल्या पाहिजेत, तरच दोन-चार पीळ पडले तरी पतंग ऐकतो. आता नायलॉन मांजावर हरित लवादानं 2017 साली देशभर बंदी घातली, संक्रांतीत गळे कापले गेल्याच्या बातम्या दरवर्षी येतात, हे सगळं नानांनी पोरांना सांगितलं. पोरांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग समोरच्या गल्लीतला दहा वर्षांचा एक जण म्हणाला, "काटस नही तं उडावानं कसाले?"

याच पोरानं नानांचा आणखी एक सिद्धांत खिळखिळा केला. नाना म्हणत होते की एका दोरीच्या पतंगाला दिशा देता येत नाही. पोरानं पाच रुपयांचा पतंग वर नेला, ढील दिली, पतंग गरगरला. नाक डावीकडे आल्याबरोबर ओढ दिली, पतंग बाणासारखा डावीकडे. परत ढील, नाक खाली, ओढ, पाण्याच्या टाकीपर्यंत सूर आणि टाकीला न शिवता वर. नानांनी वही मिटली.

"आणि ब्रेक कुठे आहे?"

"बोटमा शे."

नानांनी हे वहीत लिहून घेतलं. मोठेपणा म्हणतात तो हाच, आणि तो अभ्यासू माणसांत कधी कधी सापडतो.

असंच चाललं असतं, पण दिवाळीला पुतण्या आला. रोज रात्री उठून काकांच्या प्रश्नांना उत्तरं देण्यापेक्षा सामान वाढलेलं परवडलं, असं त्यानंच मला खाजगीत सांगितलं. लांबट पिशवीतून त्यानं दीड नंबर काढला, बिनजाळीचा. नानांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांच्या यादीत पहिला थोड्या जाळीचा होता. पण आलेली लक्ष्मी परत पाठवता येईना. पतंग देव्हाऱ्याशेजारी उभा राहिला आणि नाना मेपर्यंत मुठीच्या दोरीवरच्या गाठी मोजत बसले. कोणत्या गाठीत दोरी अडकवली की ब्रेक किती लागतो, हे त्या गाठींवर ठरतं. हा अभ्यास मात्र अगदी खरा. नवशिक्याचा पतंग जमिनीवरून उठत नाही तो निम्म्या वेळा या गाठींमुळे, आणि उरलेल्या निम्म्या वेळा चारांतली एखादी दोरी वीतभर लांब असते म्हणून.

मेमध्ये, कांदा निघालेल्या एका शेतात, आम्ही सगळे जमलो. लुगडं निम्मं उचललेलं होतं. पंचवीस मीटरच्या चार दोऱ्या पसरून, सोडवून, परत गुंतवून, परत सोडवून व्हायला सव्वा तास लागला. नानांनी मुठी धरल्या आणि वर्षभराचं ज्ञान एकदम आठवल्यामुळे विहिरीतून पोहरा ओढावा तसे दोन्ही हात डोक्यावर नेले. वास्तविक हात पोटाजवळ ठेवून नुसती मनगटं हलवायची असतात, हे त्यांच्याच वहीत पान चौदावर आहे. पतंग उठला, वाकला आणि आमच्या पोरांच्या दिशेनं सुटला. डेटनची पोरं जशी पालथी पडली होती तशीच साक्रीची पडली, फक्त ढेकळांत.

तो दहा वर्षांचा पोरगा मात्र उभा होता. तिसऱ्या पडझडीनंतर त्यानं मुठी मागितल्या. नानांनी दिल्या. पहिली दहा मिनिटं त्याचाही पतंग नांगरासारखा चालला. मग कुठेतरी त्याच्या मनगटाला समजलं. पतंग डोकं खाली करून ढेकळांवर उभा राहिला, तसाच उलटा वर चढला, माणसाच्या उंचीवर आला आणि थांबला. वारा वाहतोय, मागे पठारावर पवनचक्क्या फिरतायत आणि हा मध्ये उभा. कुणी बोललं नाही. नाना त्या पोराच्या मागे उभे राहून हळूच "खालच्या सोड... बस... बस" म्हणत होते, आणि त्यांचा प्रत्येक शब्द बरोबर होता.

परतताना नानांचा चेहरा उजळलेला होता. मला वाटलं, पतंग उडाल्यामुळे. घरी पोचल्यावर कळलं, बिनजाळीचा या वाऱ्याला भारी पडतो हे सिद्ध झालं होतं, म्हणजे दुसरा पतंग निवडायला आता ते मोकळे होते. नानींनी नुसतं विचारलं, "आते काय निवडतस?" आणि सूप उचलून आत नेऊन ठेवलं.

आता एक विनंती. ज्या शेतात उडवला तिथे यंदा लवकर पेरा होणार आहे. साक्री, दहिवेल, पिंपळनेर या बाजूला कुणाकडे शंभर-दीडशे पावलं मोकळं, विजेच्या तारा आणि रस्ता यांपासून लांब असं रान असेल तर नानांना कळवावं. पाऊस पडायच्या आत, आणि शक्यतो एकच रान सुचवावं.